ड्रमर मधे मधे येतो

जजना काहीही नवीन ऐकवलं की ते आधी डोळे मिटत. मग करंगळी कानात घालून हलवत, जणू काल ऐकलेलं आधी बाहेर काढायचं आहे. आणि गाणं संपलं की तीनच शब्द बोलत. "पैलं बरं होतं."

हा निकाल फक्त गाण्याला नव्हता. स्टेशनचा नवा पूल, चर्चच्या सणाला बोलावलेला नवा ब्रास बँड, नाक्यावरच्या बेकरीचा पाव, नवा पोस्टमन, कोणीही सुटलं नाही. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा पुढचे दात नवे बसवून घेतले. घरी आल्यावर मोठ्या हौसेनं हसून दाखवलं. जजनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "पैले बरे होते." पहिले किडलेले होते. काकू त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्यासमोर हसल्याच नाहीत. पण जजना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांच्या मते त्या पूर्वीही फारशा हसत नसत आणि तेच बरं होतं.

कोर्टाशी त्यांचा संबंध शेजारच्या वाडीवाल्याशी झालेल्या बांधाच्या वादापुरताच. 'जज' हे नाव गावानं दिलं ते गणपतीतल्या गायन स्पर्धेमुळे. त्या वर्षी ठरलेले परीक्षक आले नाहीत, म्हणून मंडळानं जजना खुर्चीवर बसवलं. घरात एवढी गाणी वाजतात, तर माणसाला कळत असणार, असा हिशोब. सगळी मुलं गाऊन झाली. जज माइकपाशी आले आणि म्हणाले, "पैला नंबर कोणाचाच नाही. दुसऱ्यापासून सुरू करा." आयांनी गोंधळ घातला, अध्यक्षांनी हात जोडले, जज हलले नाहीत. ती पहिल्या क्रमांकाची ढाल पुढे कितीतरी वर्षं मंडळाच्या कपाटात सतरंज्यांखाली पडून होती. तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल, तर तुमच्या गावात ढाली फार स्वस्तात जात असणार.

जजची वाडी आगाशीच्या बाजूला, समुद्राचा वारा लागेल इतपत पश्चिमेला. राजेळी केळी, थोडी सुपारी, कुंपणाला सोनचाफा. थंडी सुरू झाली की ते सुकेळी करत. पिकलेली राजेळी सोलून बांबूच्या मांडवावर गवत अंथरून उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं करत करत ती मधासारखी तांबूस होईपर्यंत त्यांच्याजवळून हलायचं नाही. कारण कावळे टपलेले असतात. त्यासाठी मांडवाच्या खांबाला तेलाचा एक रिकामा डबा टांगलेला असे आणि शेजारी एक दांडका. कावळा उतरला की डबा बडवायचा. हे काम करता करताच जज रॉक ऐकायला लागले. त्यांचा एक मावसभाऊ बोटीवर होता, तो परदेशातून कॅसेटी आणायचा. सुपारीच्या झाडाला टेपरेकॉर्डर टांगून दिवसभर त्या वाजायच्या. इंग्रजीचा एक शब्द जजना कळत नसे. "कळत नाही ते बरं," ते म्हणत. "नाहीतर शब्द गाण्याच्या आड आले असते."

पण ऐकून ऐकून त्यांनी एक सिद्धांत काढला होता आणि तो ते कोणालाही ऐकवत. "ज्या बँडमधे सगळे एकमेकांवर चिडलेले असतात, तो बँड चांगला. ज्या दिवशी ते एकत्र जेवायला लागतात, त्या दिवशी संपलं. राग आहे तिथं ठोका आहे."

आता माझ्याबद्दल. एव्हरशाईन सिटीत माझं टाईल्स आणि नळांचं दुकान आहे. सुरुवात सायकलवरून वॉशर आणि नळाच्या चाव्या विकण्यापासून झाली. मला आयुष्यात कोणी काही फुकट दिलेलं नाही, आणि मी कधी कुठली वस्तू सांगितलेल्या भावात घेतलेली नाही. बायको म्हणते, मी देवळात नारळ वाढवतानाही नारळवाल्याशी भांडतो. हे खोटं आहे. भांडण आधी होतं, नारळ नंतर. त्या सायकलच्या दिवसांत आम्ही चौघांनी मिळून एक रॉक बँड काढला. मेल्विन गायचा, दोघं गिटारी वाजवायचे, आणि ड्रम माझ्याकडे आले, कारण घासाघीस करून ते मी मिळवले होते. बँडचं नाव 'खाजण'. खाडीचं खारं पाणी शिरणाऱ्या जमिनीला आमच्याकडे खाजण म्हणतात. तिथं फारसं काही उगवत नाही, याची आठवण आम्हाला लोकांनी वेळोवेळी करून दिली.

आमचा पहिला अल्बम 'मिठागर'. गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे एक रिकामा गाळा मिळाला, त्यात आम्ही भिंतींना गाद्या लावल्या आणि वाजवलं. बाजूच्या गाळ्यात डब्यांची झाकणं पाडायचं काम चाले, वर पत्रा तापलेला, पंखा लावावा तर तो माइकमधे घोंघावणार. घामानं काठ्या हातातून निसटायच्या. आम्ही एकमेकांना आईबहिणीवरून बोलत तो अल्बम पुरा केला आणि सीडी काढली. कोणी घेईना. मग मेल्विन एक सीडी जजना देऊन आला.

त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. जज एक आठवडा काही बोललेच नाहीत. मग त्यांनी ती सीडी मंडळाच्या लाउडस्पीकरवर आरतीच्या आधी लावली. न्हाव्याच्या दुकानात लावायला लावली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाच्या घरी जमलेल्या मंडळींना सक्तीनं ऐकवली. सगळीकडे एकच सांगत, "ह्यातला ठोका ऐका. मागून येतो तो. गाणं कुठेही जाईल, तो जागचा हलत नाही." नाळ्यापासून विरारपर्यंत आमचं नाव झालं ते त्या एका माणसामुळे. आणि तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. रस्त्याच्या पलीकडून ओरडत, "काय ड्रमर!" माझ्या बापानं मला इतक्या मानानं कधी हाक मारली नव्हती. दुकान वाढलं, गोडाऊन झालं, बिल्डर लोक शेठ म्हणायला लागले. पण मी पश्चिमेला गेलो की वाट वाकडी करून त्यांच्या वाडीवरून जायचो. फक्त ती हाक ऐकायला.

मधे पुष्कळ वर्षं गेली. बँड बंद पडला नव्हता, नुसता पडून होता. मग एक दिवस मीच सगळ्यांना गोळा केलं आणि दुसरा अल्बम करायचा ठरवलं. या वेळी सगळं उत्तम. अंधेरीचा काचेचा स्टुडिओ, थंडगार एसी, माझ्या ड्रमला एकट्याला अर्धा डझन माइक. कोणी कोणावर ओरडलं नाही. दुपारी आम्ही चौघं एकत्र जेवायचो, मेल्विनच्या घरून माशाचं लोणचं यायचं. अल्बमचं नाव 'भरती'. दहा गाणी. मी आयुष्यात इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

लोकांच्या प्रतिक्रिया उत्तम आल्या. मी लिंक पाठवायचो आणि ती उघडायला जितका वेळ लागतो त्याच्या आधी आगीची आणि टाळ्यांची चित्रं यायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "जबरदस्त, शेवटचं गाणं तर कमालच" असं कळवलं. त्यांना मी चुकून गिझरच्या गॅरंटीकार्डाचा फोटो पाठवला होता. असल्या मालाचा भाव मला कळतो. मला एकच मत हवं होतं, आणि ते त्या एका वाडीत होतं.

म्हणून एव्हरशाईनमधल्या हॉलमधे आम्ही प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवला तेव्हा जजना पहिल्या रांगेत बसवलं. काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. अख्खा अल्बम वाजला. जज डोळे मिटून बसले होते. करंगळी कानात गेली, बाहेर आली. मेल्विननं माइक त्यांच्या हातात दिला. "आपले पहिले श्रोते, दोन शब्द बोलतील."

जज उठले. ते म्हणाले, "साउंड स्वच्छ आहे."

टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवायला हात उचलले, पण त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"टोप घासून लखलखीत केलाय. आत काय शिजवलंय ते मला दिसलं नाही. पैलं बरं होतं." आणि माइक मेल्विनच्या हातात देऊन ते वडे ठेवले होते त्या टेबलाकडे गेले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "चटणी कोणाकडून आणलीत, शेठ?"

शेठ. चटणीबद्दल आणि मतांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माणसाची हाक अशी परत घेतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वाडीवर गेलो. जज मांडवावर केळी मांडत होते. मी बसलोही नाही.

"काका, दहा गाणी आहेत. तुम्ही सगळीच पाडू शकत नाही. निदान पाच चांगली म्हणा."

"एक," जज म्हणाले.

"एक? काही जनाची मनाची? चार."

"तिसरं गाणं. तेही मधला भाग सोडून."

"तीन करा. मी गावात कोणाला सांगणार नाही."

"मग अर्धं."

आमच्या धंद्यात समोरचा निदान एकेक पायरी वर चढतो. हा माणूस उतरत होता. मी इतक्या वर्षांत कोकणातले चिऱ्याचे व्यापारी वाकवलेत, गुजरातचे टाईलवाले रडवलेत, पण असा विकणारा पाहिला नाही ज्याला माल विकायचाच नव्हता. माझा आवाज चढला. आतून काकू बाहेर आल्या आणि जावयासाठी असतो तसा चहा माझ्यासमोर ठेवून गेल्या. दारात कोणी ओरडायला आलं की त्याला काही चांगलं खायला-प्यायला द्यायचं, हा काकूंचा नियम.

"नेमकं काय कमी आहे ते तरी सांगा!" मी ओरडलो.

"ठोका नाही," जज म्हणाले. "ड्रमर बदललात काय?"

"मीच आहे! तोच आहे!"

"नाही. थांबा." त्यांनी हात धोतराला पुसले, ओटीवरच्या प्लेअरमधे 'मिठागर' लावला आणि माझा तळवा धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. "हा बघा. हा. आला? पुन्हा आला. आता गाणं वर जाईल, हा जागेवर."

मी ऐकलं. इतक्या वर्षांत तो अल्बम मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण स्वतःला ऐकत. या वेळी मी ते काय ऐकतात ते ऐकलं. माझ्या ड्रमच्या मागून, दूरवर, एक जाड, सावकाश, निर्विकार ठोका येत होता. धप्प. मग थोडी उसंत. धप्प. माझ्या तळव्याला तो कळला आणि माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"काका, हा मी नाही," मी म्हणालो. "ही पाटलांची पॉवर प्रेस आहे! बाजूच्या गाळ्यात झाकणं पाडायची ना, ती! अख्ख्या गावाला तुम्ही इतकी वर्षं डब्यांची झाकणं ऐकवलीत!"

मला वाटलं, आता हा माणूस खजील होईल. निदान करंगळी कानात घालेल. जजनी शांतपणे प्लेअर बंद केला आणि म्हणाले, "मग या वेळी त्यांना का नाही घेतलं?"

पुढे जे झालं ते रागाच्या भरात झालं, त्यामुळे ते मी मनापासून केलं. पाटील जूचंद्रचे, रांगोळ्यांसाठी नावाजलेल्या गावचे. गाळ्यात आता त्यांनी नवीन हायड्रॉलिक मशीन बसवलं होतं, ते आवाजच करत नाही. जुनी प्रेस घराच्या मागे ताडपत्रीखाली गंजत होती. "आमच्याकडे रांगोळ्या बघायला लोक येतात," पाटील म्हणाले. "प्रेस बघायला आलेले तुम्ही पैलेच." दोन संध्याकाळी घासाघीस करून, त्यांच्या बाथरूमला टाईल लावून द्यायच्या बोलीवर, मी ती प्रेस मिळवली. तेल घातलं, मोटर बांधली. मेल्विननं देवाची शपथ घालून हे करू नकोस म्हणून सांगितलं. आम्ही भांडलो. पण तिथंच पाटलांच्या अंगणात, प्रेस चालू ठेवून, आम्ही 'भरती'तलं तिसरं गाणं पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलं. मी मुद्दाम मधला भाग गाळला.

ते मी पेन ड्राइव्हवर घालून स्वतः जजकडे नेलं. त्यांनी डोळे मिटले. करंगळी. गाणं चालू असताना, देवाशपथ सांगतो, त्यांची मान हलली. गाणं संपलं.

"प्रेस जमलीय," जज म्हणाले.

"आणि?"

"ड्रमर मधे मधे येतो."

मी उठलो. चप्पल घालताना उजवी डावीकडे गेली, तशीच घालून गेलो. त्यानंतर कित्येक महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही. पश्चिमेला माल पाठवायचा तर टेम्पो दुसऱ्या रस्त्यानं घालायला सांगायचो. गिऱ्हाईक 'आधीची टाईल चांगली होती हो' असं म्हणालं की मी त्याला दुकानाबाहेर काढायचो. लोकांना वाटलं धंद्याचं टेन्शन आहे.

जज गेले त्याच्या थोडं आधी काकूंचा फोन आला. "तुमचे काका फार थकलेत. उठवत नाही, पण सुकेळी करायची सोडत नाहीत. मला डबा बडवायला सांगतात, माझा हात भरून येतो. तुम्ही याल का हो थोडा वेळ? मला बाजारात जायचंय."

मी गेलो. कोणासाठी नाही, काकूंच्या चहासाठी गेलो असं समजा. जज मांडवाशेजारी खाटेवर पडले होते, अंगावर शाल, हाताशी चष्मा. फार बारीक झाले होते. मला पाहून म्हणाले, "या शेठ. तो दांडका घ्या. उजवीकडून येतात ते."

बस. कसे आहात नाही, इतके दिवस कुठे होतात नाही. मी स्टुलावर बसलो, डबा मांडीवर घेतला. मांडवावर राजेळीच्या ओळी तांबूस व्हायला लागल्या होत्या. नारळीवर कावळे बसले होते. त्यातला एक निर्लज्ज मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होता.

"काका, एक विचारू?" मी म्हणालो. "इतकी वर्षं मला ड्रमर म्हणालात. म्हणजे ते खोटंच होतं."

जजनी शाल छातीवर ओढून घेतली.

"एखादं गाणं. एखादी ओळ. तुम्हाला काहीच कधी आवडलं नाही का माझं?"

"उजवीकडे," जज म्हणाले.

कावळा उतरला होता. मी डबा बडवला. आणि मग मला थांबता येईना. त्या हॉलमधल्या टाळ्या, ती चटणी, पाटलांची ताडपत्री, इतक्या वर्षांची ती खोटी हाक, सगळं माझ्या मनगटात उतरलं आणि मी तो डबा असा बडवला, असा बडवला, की नारळीवरचे कावळे तर उडालेच, पण शेजारच्या वाडीतलेही उडाले. एक ठोका मी जागेवर ठेवला आणि बाकीचे त्याच्याभोवती उधळले. बोटांत दांडक्याचं कुसळ घुसलं होतं. दम लागला तेव्हा थांबलो.

जजचे डोळे मिटलेले होते. मी घाबरलो. वाकून पाहिलं. करंगळी कानाजवळ गेली होती, पण आत गेली नव्हती. तिथंच थांबली होती.

"हे," जज म्हणाले. "हे घ्यायला पाहिजे होतं, ड्रमर."

मग माझ्यातला व्यापारी जागा झाला. असा माल हातचा जाऊ देतात का? मी घाईघाईनं मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं, तो खांबाला टेकवून ठेवला, आवाज नीट येईल ना ते पाहिलं, स्टूल पुढे ओढलं. "काका, थांबा हं. पुन्हा वाजवतो. तस्संच." आणि मी वाजवलं. तेच ठोके, तीच जागा, एकही चूक नाही.

वाजवून झालं. मी वर पाहिलं. मांडवाच्या उजव्या टोकाला तो निर्लज्ज कावळा एक केळं पायाखाली धरून आरामात खात बसला होता. जजनी एक डोळा उघडून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पैलं बरं होतं," ते म्हणाले.